रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी लघवी सुटते

इंदूरहून एका ताईंचं पत्र आलंय. रामबागेत राहतात, वय ५४, शाळेत शिकवतात. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं पहिलं चिमटा (फोर्सेप्स) लावून. पाळी जाऊन ३ वर्षं झाली. खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की लघवीचे थेंब जातात, हे बरंच जुनं आहे. आता घाईही इतकी होते की बाथरूमची कडी लावेपर्यंत धीर निघत नाही. संध्याकाळकडे ओटीपोट जड होतं, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. मागच्या थंडीपासून बीपीची गोळी चालू आहे. त्याच सुमारास लागलेला कोरडा खोकला काही केल्या जात नाही आणि त्याने त्रास वाढलाय, असं त्या जाता जाता लिहितात. ‘सानंद’ या तिथल्या संस्थेच्या नाटकांची वर्गणी भरलेली असूनही त्या हल्ली नाटकाला जात नाहीत. कुठे जायचंच असेल तर दुपारपासून पाणी बंद.

पोटाची सोनोग्राफी झाली, ती ‘नॉर्मल’ आली. डॉक्टरांनी कागद पाहून ‘काही नाही, वयाचं आहे’ म्हटलं, तेव्हापासून हे आपल्या मनाचे खेळ तर नाहीत, असंही त्यांना वाटतं. जाऊबाई म्हणतात, गर्भपिशवी काढून टाक, सुटशील. भाचा म्हणतो, मावशी, एमआरआय करून घे. ताई विचारतात: ‘एमआरआयमध्ये एकदाचं सगळं दिसेल आणि कुणाला काही सांगत बसावं लागणार नाही. करू का? की पिशवीच काढू? की वय म्हणून गप्प बसू?’

ताई,

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. एमआरआय आत्ता करू नका. लघवी सुटते म्हणून पिशवी काढू नका. आणि गप्प तर मुळीच बसू नका.

तुमचा त्रास खरा आहे, आणि तुमची सोनोग्राफीही खरी आहे. पोटावरून सोनोग्राफी कशी झाली ते आठवा. भरपूर पाणी प्यायला लावलं, लघवी तुंबवून टेबलावर आडवं केलं, ‘हलू नका’ म्हणाले. त्यात गर्भाशय, अंडाशय, मूत्राशयाची भिंत, खडा, गाठ असलं सगळं बघतात. ते ठीक आहे ही चांगलीच बातमी आहे, मूत्राशयावर दाब देणारी गाठ वगैरे काही नाही. पण तुमची लघवी सुटते ती खोकताना, उभं असताना, जिना उतरताना. त्या टेबलावर तुम्हाला कुणी खोकायला सांगितलं होतं का? जे घडतंय ते हालचालीत घडतंय आणि फोटो निघाला स्थिर पडलेल्या शरीराचा. त्यामुळे त्या ‘नॉर्मल’ शब्दावरून तुमच्या मनावर संशय घेऊ नका. तो कागद मात्र टाकून देऊ नका. त्यात ‘पीव्हीआर’ असं काही लिहिलंय का बघा. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली त्याचा तो आकडा असतो. तुमच्या तक्रारीत सोनोग्राफीतला सर्वांत कामाचा आकडा तोच. नसेल लिहिलेला, तर तेवढी तपासणी पुन्हा करून घेता येते, काही मिनिटांचं काम आहे.

आता आत काय असतं ते. ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांचा भार तिच्यावर असतो, आणि लघवीची नळी, योनीमार्ग, गुदमार्ग तिच्यातूनच खाली येतात. बाळंतपणात ही झोळी प्रचंड ताणली जाते. चिमटा लावलेल्या बाळंतपणात तिचा स्नायू हाडापासून सुटून येण्याची शक्यता जास्त असते. पाळी गेल्यावर तिथल्या ऊती पातळ आणि कोरड्या होतात. जुनी बद्धकोष्ठता, जुनाट खोकला, वाढलेलं वजन, रोजचं जड उचलणं, या सगळ्याचा भार वर्षानुवर्षं तिच्यावर पडत राहतो. वय हे कारणांमधलं एक कारण आहे. ‘वयाचं आहे’ याचा अर्थ ‘उपाय नाही’ असा मात्र होत नाही. चष्मा लागतो तेव्हा आपण वय म्हणून वाचणं सोडतो का?

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. खोकताना, शिंकताना थेंब जाणं ही पहिली. त्यात लघवीच्या नळीला खालून आधार कमी पडतो, आणि पोटात दाब वाढला की झाकण उघडतं. एकदम घाई होऊन कडीपर्यंतही न पोचणं ही दुसरी. त्यात मूत्राशय न भरताच आकसायला लागतं. तुम्हाला दोन्ही आहेत, पुष्कळ बायकांना असतात. दोन्हींचे उपचार वेगवेगळे आहेत, म्हणून कोणती तक्रार जास्त छळते हे कळणं फार महत्त्वाचं. आणि ते कुठल्याही फोटोत दिसत नाही. ते फक्त तुम्ही सांगू शकता.

म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१९ सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लघवी सुटण्याच्या नेहमीच्या तपासणीत एमआरआय, सीटी, एक्स-रे करू नयेत, आणि सोनोग्राफी करायची ती लघवीनंतर आत किती उरते ते बघण्यापुरतीच.

मला तुमच्या पत्रात खरं तर दुसरंच वाक्य टोचलं. ‘कुणाला काही सांगत बसावं लागणार नाही.’ तुम्हाला एमआरआय हवाय तो त्यात सगळं दिसतं म्हणून, की मशीन काही विचारत नाही म्हणून? मला वाटतं, दुसरं कारण जास्त मोठं आहे, आणि ते मला पूर्ण समजतं. वर्गात मुलांसमोर ताठ उभ्या राहणाऱ्या बाईला ‘माझी लघवी सुटते’ हे तोंडातून काढायचं म्हणजे जिवावर येतं. पण या त्रासासाठी जो एमआरआय करतात तो गप्प पडून राहायचा नसतो, हे तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून सांगते. त्याला डायनॅमिक एमआरआय म्हणतात. बहुधा गुदमार्गातून आत जेल भरतात. मग बोगद्यासारख्या मशीनमध्ये पाठीवर झोपवून माइकवरून सूचना देतात: सैल सोडा, आवळून धरा, आता जोर करा, आता शौचाला बसल्यासारखं ते जेल बाहेर टाका. तिथेच, टेबलावर, खाली अंथरलेल्या पॅडवर. प्रतिमा टिपणं चालू असतानाच हे सगळं करायचं असतं. सांगायची लाज टाळायला गेलेल्या बाईला हे अचानक समोर आलं तर ती जोर करतच नाही, आणि मग ते चित्रही फुकट जातं.

योग्य जागी हाच एमआरआय फार मोलाचा आहे. रेडिऑलॉजिस्ट पुढच्या हाडाच्या खालच्या कडेपासून माकडहाडाच्या शेवटच्या सांध्यापर्यंत एक रेघ मारतात आणि जोर करताना मूत्राशय, गर्भाशयाचं तोंड आणि गुदाशय गुदमार्गाला जुळतो तो कोन त्या रेघेच्या किती खाली उतरतात ते मोजतात. पुढचं, मधलं, मागचं, तिन्ही कप्पे एका चित्रात दिसतात. किरणोत्सर्ग नसतो. अंग बाहेर येतंय, म्हणजे आतला अवयव योनीमार्गात खाली उतरतोय, आणि शौचालाही अडतं, बोटाने दाबल्याशिवाय होत नाही, तपासणीत जे सापडतं त्याने तक्रारीचा उलगडा होत नाही, एकदा ऑपरेशन होऊन पुन्हा अंग उतरलं, अशा वेळी सर्जनला आत शिरण्याआधी नकाशा लागतो, आणि तो एमआरआय देतो. त्यालाही एक मर्यादा आहे. तपासणी आडवं झोपवून होते, त्यामुळे दिवसभर उभं राहून संध्याकाळी जेवढं उतरतं तेवढं त्यात दिसेलच असं नाही. पुढे कधी कुणी एमआरआय सांगितला तर मोकळेपणाने विचारा: ‘यात अमुक दिसलं तर माझा उपचार कसा बदलेल?’ उत्तर नीट मिळालं तर जरूर करा.

याहून साधी एक तपासणी आहे, तिच्याबद्दल बायकांना फारसं ठाऊकच नसतं. ट्रान्सपेरिनियल सोनोग्राफी. नेहमीचंच सोनोग्राफीचं मशीन, आणि पोटावर फिरवतात तोच प्रोब, हातमोजा चढवून, जेल लावून बाहेरूनच मूत्रमार्ग आणि योनीच्या मुखावर टेकवतात. आत काही घालत नाहीत. लघवी करून यायचं, गुडघे दुमडून झोपायचं. पडद्यावर डाव्या हाताला पुढचं हाड, त्याच्यालगत मूत्राशयाची काळी पोकळी आणि तिची खाली येणारी नळी, मध्ये योनीमार्ग, उजवीकडे गुदाशय. ‘खोका’ म्हटलं की मूत्राशयाचं तोंड हाडावरून मागे-खाली घसरताना डोळ्यांना दिसतं. ‘आवळा’ म्हटलं की ते वर-पुढे उचललं जायला हवं. थ्रीडीची सोय असेल तर चिमट्याच्या वेळी स्नायू हाडापासून सुटला होता का, हेही कळतं. तुमच्या पहिल्या बाळंतपणामुळे ते कधी ना कधी बघण्यासारखं आहे. पण एक लक्षात ठेवा, स्नायू सुटण्याचा जास्त संबंध अंग उतरण्याशी असतो, खोकल्याबरोबरच्या थेंबांशी तितकासा नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये तसं आलं तरी व्यायाम फुकट, असा अर्थ काढू नका.

या सोनोग्राफीचा मला सर्वांत आवडणारा उपयोग रोगनिदानाचा नाहीच. ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम, ज्याला ‘केगल व्यायाम’ म्हणतात, नुसता तोंडी सांगितला तर बऱ्याच जणी तो उलटा करतात. वर उचलायच्या ऐवजी खाली जोर लावतात, किंवा पोट आत ओढून श्वास कोंडून धरतात आणि नितंब आवळतात. महिनोन् महिने मन लावून करतात, त्रास वाढतो, आणि मग ‘मला व्यायामाचा गुण आला नाही’ म्हणून सोडून देतात. पडद्यावर बाईला तिचंच मूत्राशय दाखवलं, ‘हे बघा, आत्ता खाली गेलं, आता वर उचला’ म्हटलं, की दोन-चार वेळा चुकून एकदम जमतं. चेहरा उजळतो. आपल्या शरीरातला जो भाग कधी पाहिला नाही, त्याच्यावर आपली हुकमत चालते हे तिला प्रथमच दिसतं. ही सोय सगळीकडे नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट बोटाने तपासूनही हेच सांगू शकते.

तेव्हा आधी कुणाकडे जायचं? स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच, पण नुसता कागद दाखवायला नव्हे, तपासून घ्यायला. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागायला संकोच करू नका. आपल्या इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयातही ही तपासणी होते, खाजगीतच जायला हवं असं नाही. बोलायला सुचत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या: ‘खोकताना लघवी सुटते, घाईही होते, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. मला आतून तपासा आणि खोकायला लावून बघा.’ एवढं पुरे. डॉक्टर योनीमार्ग तपासून, जोर करायला लावून कोणता भाग किती उतरतो ते पाहतील, स्नायूंची ताकद अजमावतील, लघवीची आणि साखरेची तपासणी सांगतील. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर घाई त्यानेही होते, आणि साखर वाढली की लघवीच जास्त बनते. युरोडायनॅमिक्स नावाची दाब मोजणारी तपासणी कुणी सुचवली तर घाबरू नका, पण तीही प्रत्येकीला लागत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६३० बायकांच्या एका अमेरिकन अभ्यासात, खोकल्याबरोबर लघवी सुटण्याची साधी तक्रार असलेल्यांना ऑपरेशनआधी ती केली काय आणि नुसतं नीट तपासलं काय, वर्षभरानंतरचा गुण सारखाच होता.

जाऊबाईंना तुमची काळजी आहे म्हणूनच त्या सांगतात, पण गर्भाशय काढल्याने मूत्राशयाच्या नळीचा आधार परत येत नाही. लघवी सुटणं हे पिशवी काढायचं कारणच नाही. अंग खरोखरच खूप उतरलं असेल तर त्याचा विचार वेगळा, आणि तेव्हाही नुसती पिशवी काढून भागत नाही, उतरलेल्या भागाला वर आधार द्यावा लागतो. आपल्याकडे पिशव्या किती सहज काढल्या जातात हे मी जवळून पाहते, म्हणून याबाबतीत मी जरा हट्टीच आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

आता तुमचा खोकला. तुम्ही तो जाता जाता लिहिलात, पण मला तो पत्रातला सर्वांत कामाचा धागा वाटतो. बीपीच्या गोळ्यांचा एक गट असा आहे की त्याने काही जणांना चिवट कोरडा खोकला लागतो. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी नावं असतात. तुमच्या पट्टीवर तसं नाव असेल तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खोकल्याबद्दल सांगा, त्यांना दुसऱ्या गटातली गोळी देता येते. मनाने बंद मात्र करू नका. खोकला खरंच गोळीमुळे असेल तर तो थांबायला काही आठवडे लागतात, आणि दिवसभराचे ते धक्के थांबले की तुमचे थेंबही बहुधा कमी होतील. गोळीत लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असेल तर ती कोणत्या वेळी घ्यायची, हेही विचारून घ्या.

दुपारपासून पाणी बंद करणं आजपासून थांबवा. माळव्याच्या उन्हाळ्यात तर ते धोक्याचंच आहे. लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं आणि घाई वाढते. त्यापेक्षा चहा कमी करा. घरी आलेल्या प्रत्येकाबरोबर अर्धा कप घेतला तरी दिवसाचे किती होतात ते मोजून बघा. आणि ३ दिवस एक वही ठेवा: किती वाजता काय आणि किती प्यायलात, किती वाजता लघवीला गेलात, मापाच्या भांड्यात किती झाली, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. त्यात एखादा शाळेचा दिवस आणि एखादी सुट्टी येऊ द्या. ही वही डॉक्टरांना जे सांगेल ते एमआरआय सांगणार नाही.

व्यायाम तुम्ही वाट न पाहता सुरू करू शकता. गॅस अडवताना आणि लघवी रोखताना आपण जे आवळतो ते दोन्ही एकत्र, आत आणि वर. श्वास चालू, पोट आणि नितंब सैल. जमेल तेवढे सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. एका वेळी निदान ८, दिवसातून ३ वेळा, आणि निदान ३ महिने. लघवी करताना धार अडवून सराव करू नका. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं आणि मग खोकायचं, ही सवय लागली की पुष्कळ फरक पडतो. घाई झाली तर धावू नका. जागीच थांबा, टेका, ४-५ वेळा पटापट आवळा, लाट ओसरू द्या, मग चालत जा. लघवीला जाण्याच्या वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं, त्याला निदान ६ आठवडे द्यावे लागतात. बद्धकोष्ठता असेल तर ती आधी हटवा. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी लघवी सुटणं कमी होतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

३ महिन्यांनी गुण कमी वाटला तर दारं बंद झाली असं नाही. पाळी गेलेल्यांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम घाईला आणि कोरडेपणाला बरंच उपयोगी पडतं. घाईसाठी गोळ्या आहेत. अंग उतरत असेल तर सिलिकॉनची रिंग, जिला पेसरी म्हणतात, आत बसवून ऑपरेशनशिवायही चालता-फिरता येतं. थेंबांसाठी मूत्रनळीखाली पट्टी घालण्याचं छोटं ऑपरेशन आहे, पण त्याआधी फायदे-तोटे नीट विचारून घ्या, कारण ती पट्टी जाळीची असते आणि शरीरात कायमची राहते. उतरलेलं अंग योनीमार्गातून वर घेताना वापरायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली थांबवायला लावली. मूत्रनळीची पट्टी वेगळी आहे, तिच्यावर तो आदेश नव्हता. पूर्वी अशी पट्टी किंवा जाळी बसवलेल्या कुणाला आता दुखत असेल तर तिने हे लक्षात ठेवावं: ती जाळी ट्रान्सपेरिनियल सोनोग्राफीत छान दिसते, एमआरआयमध्ये तितकी नाही.

हे वाचणाऱ्या इतर जणींपैकी कुणाला लघवीतून रक्त जातंय, लघवी तुंबतेय किंवा होतच नाही, वरचेवर संसर्ग होतोय, बाळंतपणानंतर किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर दिवसरात्र सारखी ठिबकतेय, अंग बाहेरच राहतंय आणि आत जात नाही, असं असेल तर व्यायामात ३ महिने घालवू नका, लगेच जा. पायातली ताकद एकाएकी कमी होणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं आणि त्याबरोबर लघवी-शौचाचा ताबा जाणं, यात तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

तुम्हाला मात्र यातलं काही दिसत नाही, ताई. पुढच्या आठवड्यातली वेळ घ्या. जाताना सोनोग्राफीचा कागद, बीपीच्या गोळ्यांची पट्टी आणि ती ३ दिवसांची वही बरोबर न्या. भाच्याला सांगा, एमआरआय लागला तर त्यालाच गाडी घेऊन यायचंय.